अप्पांच्या उंचीचा ओटा

महालिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करत, मग माणसांची. आम्ही सोलापुरात बिऱ्हाड थाटलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते न बोलावता आले. थेट स्वयंपाकघरात शिरले, वाकवलेल्या बोटानं भिंतीवर टकटक केलं, तिला कान लावला, आणि मी चहाचं विचारायच्या आत निदान सांगून टाकलं, "मास्तरीण, ही भिंत आतनं पोकळ हाय. पण चालतंय की."

मी करमाळ्याहून नुकतीच लग्न होऊन आले होते. मास्तर होते ते माझे यजमान. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण अप्पांनी दिलेली पदवी गल्लीनं मान्य केली आणि ती मला शेवटपर्यंत चिकटली. अप्पा शेजारच्याच घरात राहत. गिरणीच्या स्टोअरमध्ये ते कारकून होते. दिवसभर मोडक्या वस्तूंच्या सहवासात राहून त्यांचा नव्या वस्तूंवरचा विश्वास उडाला होता. "नवं काय, कुणीबी आणतंय," ते म्हणायचे. "जुन्यातनं उभं करतो तो खरा." या तत्त्वावर त्यांनी छत्रीच्या काड्यांचा टॉवेल स्टँड उभा केला होता. तो टॉवेल सोडून सगळं धरायचा, विशेषतः येणाऱ्या-जाणाऱ्यांचे सदरे.

देवानं अप्पांना उंची मात्र नवी कोरी आणि सढळ हातानं दिली होती. गल्लीतल्या प्रत्येक दारात ते वाकायचे. त्यांच्या पत्नी गौरक्का अक्कलकोटकडच्या. त्या अप्पांच्या कोपराला लागायच्या. अप्पा दिवसभर बोलत आणि अक्का दिवसातून दोन-तीन वाक्यं बोलत, पण गल्लीला अक्कांचीच वाक्यं पाठ असत.

तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्या बायका जमिनीवर बसून रांधायच्या. स्टोव्ह जमिनीवर, परात जमिनीवर, आणि आम्हीही जमिनीवर. एकदा अप्पा काही कामानं गिरणीतल्या एका साहेबांच्या बंगल्यावर गेले. तिथं त्यांनी साहेबांच्या बाईंना उभ्यानं स्वयंपाक करताना पाहिलं. गुळगुळीत दगडी ओटा, मागे भिंतीला पांढऱ्या चकचकीत टाइल्स. घरी परतले ते स्वप्न घेऊनच. स्वप्न बंगल्यातलं होतं, पगार स्टोअरमधला होता, आणि ही दरी बुजवायला अप्पांकडे त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

संधीही चालून आली. अक्का भाचीच्या लग्नासाठी माहेरी गेल्या. अप्पांनी ठरवलं, परत येईपर्यंत ओटा तयार. बायकोला आश्चर्याचा धक्का द्यायचा. तो दिला, हे मान्य केलंच पाहिजे.

कुठल्याशा पडक्या भिंतीच्या विटा आल्या. फरशीवाल्याच्या वखारीतून शहाबादीचे दोन तुकडे आले. एक निळसर, एक पिवळट. दोन्हींचे कोपरे उडालेले, आणि एक दुसऱ्यापेक्षा बोटभर जाड. गवंड्यानं विचारलं, "उंची किती ठेवू?" अप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "वाकायला लागू नये माणसाला. वाकलं की कंबर गेली." गवंड्यानं समोर उभ्या असलेल्या माणसाचं माप घेतलं. त्याचं काही चुकलं नाही.

भिंतीच्या टाइल्सचं मूळ अप्पांनी कुणाला सांगितलं नाही. "मोठ्या जागंवरनं आणल्यात," एवढंच. पोत्यातून आलेल्या त्या टाइल्स त्यांनी सोडा घालून उकळत्या पाण्यात धुतल्या, पुन्हा धुतल्या, राखेनं घासल्या. एवढी स्वच्छता मी त्यांच्या घरात दिवाळीलाही पाहिली नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती.

अक्का आल्या. आश्चर्य पाहायला अप्पांनी आम्हा सगळ्या शेजारणींना बोलावून ठेवलं होतं. अक्का ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला लागत होता. दोन्ही हात त्यावर ठेवून त्या थोडा वेळ पलीकडे बघत राहिल्या.

"हे दुकान कुणाचं हाय?" त्यांनी विचारलं. "हितं उभारून काय मागायचं?"

अप्पा हसले. "पाट घे की पायाखाली. चालतंय."

अशा रीतीनं अक्का पाटावर चढल्या. आयुष्यभर पाटावर बसून जेवायचं, आणि आता पाटावर उभं राहून रांधायचं. भाजी चिरली की खाली उतरायचं, पाणी घेतलं की वर चढायचं. शिवाय जाड फरशी आणि पातळ फरशी यांच्या मध्ये एक पायरी होती. तिच्यावर पातेलं ठेवलं की आमटी एका बाजूला गोळा व्हायची. "पाणी निचरायला उतार दिलाय," अप्पा पाहुण्यांना समजावून सांगत.

आणि पाहुणे येत होते. गल्लोगल्लीचे पुरुष येत, भिंतीवर टकटक करत, माना डोलावत. अप्पा त्यांना सल्ला देत, आणि अक्का पाटावर उभं राहून त्यांना चहा देत. उभ्यानं स्वयंपाक करणं किती सुखाचं असतं, हे तिथं सगळे सांगत होते. सांगणाऱ्यांपैकी कुणी कधी स्वयंपाक केला नव्हता. आमच्याही घरी अप्पांनी ओटा घालून दिला. माझ्या सुदैवानं त्या दिवशी मी माहेरी नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात तो पाट घसरला.

आवाज ऐकून मी धावत गेले. अक्का खाली बसल्या होत्या, उजवं मनगट डाव्या हातात धरून. ओरडत नव्हत्या, रडत नव्हत्या. अप्पा दारात उभे होते. त्यांनी तो पाट उचलला, अंगणात नेऊन ठेवला, परत आले आणि अक्कांना उठवायला वाकले. वाकून तसेच राहिले. त्यांचे हात थरथरत होते.

"रिक्षा आणा आदी," अक्का म्हणाल्या. "मग थरथरा."

हात प्लास्टरमध्ये गेला. त्यांची एकुलती एक मुलगी सांगोल्याला दिलेली, तिचं बाळंतपण तोंडावर आलेलं. मी डबा पाठवते म्हटलं, तर अप्पा म्हणाले, "नको मास्तरीण. मी पाडली, मीच करतो." त्यांच्या तोंडून कबुलीचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यात 'चालतंय की' नव्हतं.

अप्पांचा स्वयंपाक त्यांच्या बांधकामासारखाच होता. कालच्या भातात परवाची आमटी मिसळून ते त्यातून तिसरंच काही उभं करत. त्यांची भाकरी कडक होई. सोलापुरात कडक भाकरीला मान आहे, म्हणून ती तशी मुद्दाम केली की तशी झाली, हे विचारायची सोय नव्हती. अक्का बाजेवर बसून सगळं खात. फक्त एकदा म्हणाल्या, "मला हाताचं प्लास्टर हाय. दाताला बी घालायचंय का?"

एके दुपारी अप्पा कामावर असताना मी अक्कांकडे बसले होते. त्यांना ओट्यावरचे डबे पुसून हवे होते. मी तेलाचा मोठा डबा बाजूला केला, तर मागच्या टाइलवर निळ्या तेलरंगातली अक्षरं दिसली. चाकूनं खरवडलेली, पण गेली नव्हती. अक्कांना कानडी वाचता यायचं, मराठी नाही.

"काय लिवलंय गं?"

मी वाचलं आणि अक्कांकडे बघितलं.

"काय बघलालीस? सांग की."

"पुरुषांसाठी," मी म्हणाले.

अक्कांना कळायला फार वेळ लागला नाही. ओटा बांधला त्याच सुमारास गावातलं एक जुनं थिएटर मुतारीसकट पाडलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आता अक्का आकांत करतील, टाइल्स फोडायला लावतील, असं मला वाटलं. अक्कांनी ती अक्षरं एकदा नीट बघून घेतली. मग म्हणाल्या, "डबा परत नको ठेवूस."

संध्याकाळी अप्पा आले. उघडी पडलेली टाइल त्यांनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सोड्यानं धुतल्यात," ते म्हणाले. "तीनदा."

"असू द्या की," अक्का म्हणाल्या. "तुमी सरळ माणूस. लिवून ठेवलंत ते बरं केलंत. मलाच वाचाय येत नव्हतं. उगंच तुमच्या जागंत उभारले एवढे दिवस."

प्लास्टर निघालं. मनगट पूर्वीसारखं झालं. अक्का काही पुन्हा ओट्यापाशी रांधायला गेल्या नाहीत. अप्पांनी गवंड्याला बोलावलं, ओटा खाली घेतो म्हणाले, नवी अखंड फरशी आणतो म्हणाले. नवी हा शब्द त्यांनी उच्चारला, यावरून त्यांची अवस्था ओळखावी. अक्कांनी गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं. चहा अप्पांनी केला.

गल्लीतल्या पुरुषांना विषय मिळाला. ज्यांनी ओट्याची तारीफ केली होती तेच आता दारावरून विचारत, "काय अप्पा, आज काय बेत?" पहिल्यांदा अप्पांचे कान लाल होत. पुढं ते खरोखरच बेत सांगू लागले, इतका सविस्तर की विचारणारा पळ काढी. फोडणीत लसूण आधी की जिरं आधी, यावर ते माझ्याशी कुंपणावरून वाद घालत. सकाळी कामाच्या आधी भाकऱ्या, संध्याकाळी शेंगदाण्याचं कूट घातलेली आमटी. अक्का दळण, निवडणं, भांडी सांभाळत आणि चुका काढत. अप्पांनी केलेल्या कुठल्याही पदार्थाला त्यांनी कधी बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. "खाल्लं की," ही त्यांची सर्वोच्च दाद होती.

दोघं रोज संध्याकाळी त्या ओट्यापाशी भांडत. ते एकमेकांशी एवढं बोलताना पूर्वी कधी कुणी ऐकलं नव्हतं.

पुढे यजमानांची बदली झाली आणि आम्ही सोलापूर सोडलं. बऱ्याच वर्षांनी अप्पा गेल्याचं कळलं. झोपेतच गेले. मला लगेच जाता आलं नाही. मी गेले तेव्हा दोन-तीन महिने उलटले होते. घरात शिरले तर गवंडी हत्यारं गोळा करून निघत होता. अक्कांनी ओटा कापून आपल्या कमरेएवढा करून घेतला होता. पाटाशिवाय, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून त्या उभ्या होत्या आणि आमटी ढवळत होत्या.

"बस," मला म्हणाल्या. "जेवून जा."

त्यांनी पळीतली आमटी तळहातावर घेऊन चाखली. मीठ घातलं. पुन्हा चाखली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांची बरी होत होती."

"त्यांना कधी सांगितलंत का, अक्का?"

अक्कांनी स्टोव्ह बारीक केला.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आदीच लई उंच होते."