सिरिलच्या आठ राण्या

आमच्या रादोवलित्साच्या बाजूला गाय मेली म्हणतात, कोंबडी मेली म्हणतात, पण मधमाशी मात्र वारली असंच म्हणतात. सिरिल येराला हा तर सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि हयातभर त्याने माश्यांशिवाय दुसरं काही केलं नाही. बायको गेली तेव्हाही मयतीहून परत आल्यावर हा बाबा आधी पेट्यांना हात लावून आला आणि मग कॉफी प्यायला.

त्याच्या बापाने राणीमाशीचं एक घराणं जपलं होतं. स्वभावाने इतकं गरीब की उघड्या हातावर घ्या, डंख नाही. साठ वर्षं आईमागून मुलगी असं ते चाललं. पण गेले दोन हिवाळे वाईट गेले आणि त्या वर्षी मे महिन्यात उरली फक्त एक म्हातारी राणी आणि तिच्या आठ मुली, त्याही अजून कोशात. सिरिलने एकेक मुलगी वेगळ्या पेटीत ठेवली. जूनमध्ये त्या बाहेर पडणार, वर हवेत नरांना भेटणार आणि घरी परतणार. राणी परतली तर घराणं राहिलं, नाही तर संपलं. सिरिलला रात्रंदिवस तोच एक घोर होता.

नेमक्या त्याच दिवसांत त्याची मुलगी नेजा क्रान्यहून तादेया नावाच्या बाईला घेऊन आली. जाहिरातीचं काम करणारी, चुणचुणीत, बोलायला गोड. सिरिलच्या माशीघरात पेट्या खणांसारख्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीच्या तोंडावर एक फळी, आणि फळीवर बापाच्या हातचं चित्र. कुठे आग विझवणारा संत फ्लोरियान, कुठे शिकाऱ्याला खांद्यावर घेऊन निघालेली अस्वलं. तादेयाने ती सगळी बघितली.

"काका, चित्रं सुंदर आहेत, पण ती मध विकत नाहीत," ती म्हणाली. "आपण प्रत्येक फळीवर रंगीत कोड लावू. पाहुण्याने फोन धरला की त्या पेटीची माहिती येईल आणि त्याच पेटीचा मध मागवता येईल. रंग तुमच्या आवडीचे, मध्ये लिंडनच्या झाडाचं फूल."

"बाबा, हो म्हणा ना," नेजा म्हणाली. "मधाचे डबे तळघरात पडून आहेत."

सिरिल काही खुळा नव्हता. त्याने विचारायचं तेच विचारलं. "सगळ्या फळ्या सारख्या नाही ना दिसणार? माशीला स्वतःचं दार ओळखता आलं पाहिजे."

"एकही कोड दुसऱ्यासारखा नसतो काका," तादेया म्हणाली. "सारखे असले तर फोनला तरी पेटी कशी कळणार?"

म्हाताऱ्याचं समाधान झालं. माझंही झालं असतं. इथेच सगळा घात झाला आणि यात कुणी खोटं बोललं नव्हतं, हे मला अजून सहन होत नाही.

चकचकीत कागद चिकटले. पिवळे, निळे, गुलाबी, काळे बारीक त्रिकोण, मध्ये फूल. आठवड्याभरात सायकलवाले थांबायला लागले, मग बसगाड्या. शेजारचा फोर्तुनात, तोही मधवालाच, कुंपणावरून म्हणाला, "सिरिल, आता माश्यांनाही एकेक फोन घेऊन दे." सिरिल हसला. मध खपत होता आणि नेजा खूश होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिली राणी परतली नाही. होतं असं कधी कधी. दुसरीही परतली नाही, तेव्हा सिरिल स्टूल घेऊन समोरच जाऊन बसला. तिसरी त्याने डोळ्यांनी बघितली. आली, फळ्यांसमोर इकडून तिकडे घुटमळली आणि सरळ शेजारच्या पेटीत शिरली. परक्या राणीला कोण ठेवून घेणार? सकाळी ती दाराशी पडलेली होती. सिरिल उठून वीस पावलं मागे गेला आणि तिथून फळ्यांकडे बघितलं. फोन एकेक त्रिकोण मोजत होता. माशीला दुरून सगळीकडे एकच ठिगळ दिसत होतं.

त्याने तादेयाला फोन केला.

"पण काका, कोड खरंच वेगळे आहेत. मी स्वतः तपासलेत."

"वेगळे आहेत गं बाई, मी कुठे नाही म्हणतो," सिरिल म्हणाला, आणि फोन ठेवून पेट्यांकडे गेला.

त्याने एक कागद सोलून बघितला. गोंदाबरोबर संत फ्लोरियानचं अर्धं तोंड निघून आलं. वर त्या पेटीच्या माश्या, ज्यांना आता ठिगळाचीच सवय झाली होती, परतून हवेत घुटमळत राहिल्या. ठेवलं तरी पंचाईत, काढलं तरी पंचाईत. म्हाताऱ्याने कागद पुन्हा दाबून बसवला. त्या पंधरवड्यात आणखी चार राण्या गेल्या. त्यांची आईसुद्धा वारली.

आठवी तेवढी उरली. तिच्या फळीवर सिरिलने स्प्रूसची हिरवी फांदी आडवी खोचली, म्हणजे दार लांबूनही वेगळं दिसावं. दोन दिवस राणीने बाहेर घिरट्या घालून फांदी ओळखून घेतली. तिसऱ्या दिवशी ऊन छान होतं आणि दुपारी एकला ती उंच निघून गेली. सिरिल मागच्या बाजूने माशीघरात शिरला. सात गेल्या होत्या त्याच फळ्यांपायी, आणि आता त्याच्याने बाहेर बसवेना.

बाहेर बस थांबल्याचा आवाज आला तसा तो धावत पुढे आला. मारिबोरची एक प्रौढ बाई फळीसमोर फोन धरून उभी होती. दुसऱ्या हातात फांदी.

"कोड झाकला जात होता," ती म्हणाली. "जपून काढली हं, तुटली नाही."

सिरिलने फांदी हिसकावून घेतली, पण तेवढ्यात राणी आली. शेपटीला पांढरी खूण होती, म्हणजे वर नरांशी भेट नीट पार पडली होती. ती आपल्या दारापर्यंत आली, थबकली, बाजूला सरकली आणि खालच्या पेटीत गेली. सिरिलने मागून पेटी उघडली. परक्या राणीला गुदमरवायला माश्यांचा तिच्याभोवती घट्ट गोळा झाला होता. तो त्याने कोमट पाण्यात टाकला, माश्या सुटल्या, आणि मध्ये ती होती, वारलेली.

तो मूठ मिटून बाहेर आला. बाईला कसलीच कल्पना नव्हती. ती फोनकडे बघत हसत होती.

"आजोबा, मी हीच पेटी निवडली. हिची राणी फार गरीब आहे असं लिहिलंय. पुढच्या वर्षीही हिचाच मध पाठवाल ना?"

"पाठवू," सिरिल म्हणाला.