उघडा दीर

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं आणि डॉक्टरांनी तिला काही दिवस वाचायला बंदी केली. कादंबरीशिवाय तिची दुपार सरत नाही. तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी आसगावला घरूनच कंपनीचं काम करतो आणि त्यामुळे घरच्यांच्या मते दिवसभर रिकामाच असतो.

माझा जुना लॅपटॉप जड काही उघडायचं म्हटलं की गुदमरतो. म्हणून मी एक छोटासा फुकट प्रोग्राम घेतला. तो टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर ई-पुस्तक उघडतो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. इंग्रजी ‘जे’ची कळ दाबली की ओळ खाली, ‘के’ची दाबली की वर. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला. ज्याला जमेल त्याने दुरुस्त करावा.

अडचण एकच होती. त्या पडद्यावर मराठीचे काने, मात्रा, वेलांट्या सगळे गळून पडत. मी म्हटलं, अंदाजाने वाचू.

घरापुढच्या सपरीत आत्या काळा चष्मा लावून बसली. शेजारची काकू पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलायला आली. गोष्टीतली सून नुकतीच घरी परतली होती. पडद्यावर होतं, ‘दर उघड हत.’

मी ठसक्यात वाचलं, “दीर उघडा होता.”

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. “अवो बाई! सुनेसमोर?”

“सुनेनं त्याला धक्का दिला. दीर कुरकुरला.”

“बराबर केलं तिनं,” आत्या म्हणाली. “कुरकुरून काय राहिला, लाज नाही त्याले?”

दुसऱ्या दिवशी काकूने आणखी दोघींना आणलं. पानोपानी दीर उघडाच. सून त्याला लोटायची, कधी आपटायची, आणि तो दरवेळी नुसता कुरकुरायचा. बायका खूश. माझाही आवाज चढत गेला, सुनेच्या जागी मीच लोटत असल्यासारखा.

मग एक ओळ आली. मी वाचून मोकळा झालो, “दीर वाळवीनं पोखरला होता.”

आत्याने मान माझ्याकडे वळवली.

“माणसाले वाळवी लागते काय रे?” आत्याने विचारलं.

“लागते,” काकू ठामपणे म्हणाली. “असा असन तर लागतेच.”

मला मात्र आता उमगलं. दीर नव्हताच. दार होतं. दार उघडं होतं, दार करकरलं होतं. सांगायची हिंमत झाली नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने मी आत पळालो आणि प्रोग्राम बनवणाऱ्याला इंग्रजीत तक्रार लिहिली. कुठल्यातरी लांबच्या देशातला माणूस. त्याने उदाहरण मागितलं. मी दार आणि दीर समजावून सांगितले. त्याचं उत्तर आलं, मात्रांचं बघतो, पण त्या गोष्टीत मुळात दीर आहे का?

मी पुस्तकात शोधलं. सून एकुलत्या एका मुलाची बायको होती.

थोड्या दिवसांनी दुरुस्त प्रोग्राम आला, मात्रा जागेवर बसल्या आणि मी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं.

“मंग आमी एवढ्या शिव्या कोणाले देल्ल्या?” आत्याने विचारलं.

“दाराले.”

मला वाटलं, हसतील. काकूने शेंगांचं टोपलं उचललं. “तुया मशीननंच बदललं. चांगली गोष्ट चालू होती, मधातच दार आणून ठेवलं!”

इतर दोघींनाही ते पटलं. माझं वाचन त्याच दुपारी बंद पडलं.

चष्मा निघाल्यावर आत्याने लॅपटॉप मांडीवर घेतला, अक्षरं मोठी करून घेतली आणि ‘जे’ची कळ कुठे आहे ते शिकली. आता तीच वाचते. काकू रोज येते. मी आत काम करत असतो, तेव्हा ऐकू येतं, “सुतारानं नवीन दीर बसवला.”

“बरं झालं,” काकू म्हणते. “पहिला कामाचा नोयताच.”