जांभळ्या हौदातली शमीम

“बाई, वास गेला,” शमीम हौदातून म्हणाली. आवाज खुशीतला होता. राइस मिलच्या मागे सांडपाण्याचा हौद आहे, त्याच्या तोंडाशी बसून मी खाली पाहत होते. तिने भिंतीवरून खरवडणी आणखी एकदा ओढली, मग हात खाली सोडला आणि गुडघे मोडून गाळात बसली. “शमीम, बसली काऊन?” मी म्हटलं. तिची मान छातीवर कलली... तिचा धाकटा भाऊ रफीक मागे पंपाचा पाइप गुंडाळत होता. तो पळत आला, खाली पाहिलं आणि एक पाय शिडीवर टाकला. मी त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. “छोड! बहन है मेरी!” “उतरू नको, तूबी मरशील.” “म्हातारे, सोड मले!” शर्ट फाटला, तेव्हा मी हौदाच्या तोंडावर आडवी पडले. तोंड दीड हात रुंद, ते माझ्या अंगाने झाकलं गेलं. शमीमवर पडणारं ऊन अडलं. रफीकने माझ्या पाठीत लाथा घातल्या. हमाल येऊन त्याला धरेपर्यंत मी हलले नाही.

याला दोन महिने होत आले. तिच्या कॉलेजातल्या बाई म्हणाल्या, तुम्ही तिला शेवटी पाहिलं, तुम्हीच लिहा. मी चौथी शिकलेली. जे पाहिलं तेवढं लिहिते.

शमीम आमच्या वडसा गावातली, आमच्याच गल्लीतली. टिनाच्या पेट्या बनवणाऱ्या हुसेनभाईंची थोरली. नागपूरला जाऊन जंतूंवर शिकत होती. धान उकडण्याचं काम मी या मिलमध्ये जन्मभर केलं. उकड्याचं पाणी मागच्या हौदात जातं आणि सडतं. वर स्लॅब आहे, मधे एक चौकोनी तोंड. तोंडातून जिथे ऊन पडतं, तेवढ्याच भिंतीवर जांभळा थर धरतो, बाकी सगळं काळं. आम्ही तो वरून लांब दांड्याच्या खराट्याने काढून टाकायचो. शमीमने एका उन्हाळ्यात तो पाहिला आणि माझा हातच धरला. “बाई, हे फेकू नका वो!” मग सांगितलं, हे जंतू आहेत. यांना हवा नको, ऊन पाहिजे. त्यांच्या पोटात ऊन पकडून त्याचा करंट करणारी एक बारीक वस्तू असते. ती तेवढी काढून काचेच्या पट्टीवर बसवायची आणि तार जोडायची. “मग जंतू मरते?” मी विचारलं. “मरते. पण ते वस्तू काम करत राह्यते.”

पुढच्या सुट्टीत ती थर्मासमध्ये अशी एक पट्टी घेऊन आली. माझ्या अंगणात कपभर पाण्यात ठेवली, दोन तारा, एक छोटं मीटर. ऊन पडलं तसा आकडा वर चढला. मी हात आडवा धरला, आकडा पडला. हात काढला, चढला. मेलेल्या जंतूचं काहीतरी माझ्या सावलीला ओळखत होतं. मला ते आवडलं नाही. भीती लपवायला मी विचारलं, “यावर बल्ब लागते का?”

“बल्ब? मुंगीचा डोळाबी उजळणार नाई.”

“मग काऊन एवढी शिकली? तिकडे ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात डोंगराएवढा कोळसा जाळून राह्यले, तरी आपल्या घरी लाइट नाई. अन् तू मिलच्या घाणीतून करंट काढते.”

“कोळसा संपन बाई, घाण संपणार नाई,” म्हणून ती इतकी हसली की कप सांडला.

पण तिच्या पट्ट्या चार दिवसांत मरायच्या. बादलीने वरून काढलेल्या पाण्यात काळा गाळ मिसळतो, म्हणायची, मला भिंतीवरचाच थर पाहिजे. तीनदा तिने हौदात उतरू द्या म्हटलं, तीनदा मी नाही म्हटलं. चौथ्यांदा म्हणाली, महिन्याभरात काम दाखवलं नाही तर कॉलेजातली जागा जाते. मालकाला न विचारता मी हो म्हटलं. रफीकने पंप लावून पाणी उपसलं. मी दोराला कंदील बांधून खाली सोडला. विहीर असो की हौद, आमच्यात आधी कंदील सोडतात. विझला तर उतरायचं नाही. कंदील नीट जळला. “जा,” मी म्हटलं. कमरेला दोर बांधला नाही... कंदील जळत होता ना.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, गाळात पाय पडला की विषारी वायू सुटतो. तो फार झाला की नाकाला वासच येत नाही. कंदिलाला यातलं काही कळत नाही. म्हणजे वास गेला म्हणाली, तेव्हाच तिला ओढून काढायला हवं होतं, आणि ओढायला दोर नव्हता.

माझा नवरा विहिरीत पडलेल्या सोबत्याला काढायला असाच उतरला होता. दोघांना एकाच बाजेवर आणलं. म्हणून मी आडवी पडले. विचार वगैरे केला नाही. भट्टीचा पंखा आणून हौदात हवा सोडली, तोंडाला ओला दुपट्टा आणि कमरेला दोर बांधून एक हमाल उतरला, तोवर बराच वेळ गेला होता. शमीमच्या मुठीत जांभळ्या थराने भरलेली बाटली होती, झाकण नीट लावलेलं.

मी हौदाचं तोंड झाकलं नसतं तर तिला हवा मिळाली असती का, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही म्हणाले. हेच रफीक एक दिवस मला विचारेल, याची मला भीती वाटते. तो माझ्या दारावरून जातो तेव्हा मी आत सरकते. त्याची आई मात्र एकदा आली, उंबऱ्यातच उभी राहिली. “दोनो चले जाते,” एवढंच म्हणाली. आभार मानले की दोष दिला, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

कंदील मी सोडला, जा मी म्हटलं, आणि आडवी मीच पडले. शमीम मेली. रफीक जिवंत आहे.