हरवलेली कुडी

कल्याणच्या सराफ गल्लीतली माती झाडून, धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढणारा एक माणूस मला येता-जाता भेटतो. काहीही विचारलं तरी आधी "बघू" म्हणतो. हल्ली त्याने जुना मेटल डिटेक्टरही घेतलाय. तो चालवताना कंबरेचा पट्टासुद्धा काढून ठेवतो.

गेल्या महिन्यात बायकोची कुडी हरवली, म्हणून मी त्याला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत बोलावलं. आल्याआल्या त्याने विचारलं, "कोणावर संशय घेतलात का?"

"कामाच्या मावशींवर," बायको हळूच म्हणाली. "परवाच काढलं त्यांना."

त्याने कंबरेचा पट्टा काढून ठेवला. बागेत बायकोने रोपं लावली होती, तिथे डिटेक्टर बारीकसा वाजला. तिथली माती त्याने घमेल्यात घेतली आणि पाण्यात हलवत हलवत धुतली. तळाशी कुडी दिसली. बायकोने हात पुढे केला, तर त्याने मूठ मिटली.

"आधी मावशींना बोलवा."

"आम्ही सांगतो ना त्यांना फोनवर," मी म्हणालो.

"नाही साहेब. त्यांच्यासमोरच देतो."

विठ्ठलवाडीहून मावशी येईपर्यंत तो तासभर पायरीवर बसून राहिला. त्या आल्यावर कुडी त्याने त्यांच्याच हातावर ठेवली. "तुमच्या हातानं द्या, ताई."

मावशींनी ती दिली. बायकोला रडू आलं. "उद्यापासून या ना परत," ती म्हणाली.

"नको," मावशी म्हणाल्या आणि त्याच्याकडे वळल्या. "दादा, चहा घेतलात का तुम्ही?"

तासाभरात आम्ही त्याला चहा विचारलाच नव्हता.