पाचुंद्याचा आळा

लोह्याजवळच्या खेड्यातून शिवकन्या रोज एसटीनं नांदेडला जायची. तिथं ती पदार्थविज्ञानात पीएच.डी. करत होती. विषय होता पाच क्वार्कांचे कण. प्रोटॉनात क्वार्क तीन असतात, हे कॉलेजात शिकवतात. पाचांचेही कण असतात, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसलं. ते पाच आत बांधलेले कसे असतात, याचं गणित ती चार वर्षं मांडत होती.

मनातलं चित्र घरचंच होतं, पाचुंद्याचं. कडब्याच्या पाच पेंढ्या एकत्र, वरून बांधलेला एक आळा. तसेच पाच क्वार्क, सगळे एकमेकांना सारखे आवळलेले. एका कणाचं वस्तुमान प्रयोगाशी झकास जुळलं. दुसऱ्याचं काही केल्या जुळेना. एक आकडा जरा सरकवला की दुसरं जुळायचं, पण पहिलं बिघडायचं. सोमवारी शेवटचं सादरीकरण. दुसरा कण गाळून टाकला तर पदवी हाताशी होती. कोण विचारायला बसलंय?

रविवारी साखराबाई, तिची आई, कडब्याची गंजी रचत होती. आई वर, ही खालून पेंढ्या देणारी. एक पाचुंदा उचलला तसा तो हातातच सुटला. पाचही पेंढ्या मात्र शाबूत, एक काडी निसटली नाही.

"आई, आळा आवळला न्हाईस."

"पाचुंद्याचा? त्यो मोजायपुरता गं. खरी गाठ पेंढीची. लई शिकून राहिलीस, अन् एवढं ठाऊक न्हाई व्हय?"

शिवकन्या हसली, पण हात थांबले. तीन क्वार्कांची एक घट्ट पेंढी, उरलेल्या दोन क्वार्कांची दुसरी, दोन्हींना मिळून सैलसा आळा. विचार काही नवा नव्हता. तिच्या मार्गदर्शकांनी, मडिवाळप्पा सरांनी, पहिल्याच वर्षी तसे शोधनिबंध वाचायला दिले होते. तिनंच ते बाजूला सारले; आपलं चित्र फार लाडकं होतं ना.

"देतीस का येऊ खाली?" वरून हाक आली.

तिनं आधी फोन लावला. "सर, उद्याचं राहू द्या. दुसरा कण जुळत नाही. मांडणीच चुकली वाटतं."

"वर्ष जाईल, बाळ."

"जाईल, सर."

"त्या कणाचं उद्या मी विचारणारच होतो. तू आपणहून सांगतीस का, बघून राहिलो होतो."

तिनं फोन ओढणीच्या टोकाला पुसला अन् पेंढी उचलली.

"मंग पदवी कधी?" साखराबाईनं सगळं ऐकलं होतं.

"पुढच्या कडब्याला."

"बरं. आधी ह्यो तर रचू."