हळदीच्या पेवावरचं सील

सांगलीत हळद जमिनीखाली ठेवतात. माणूस उतरेल एवढं खोल पेव खणायचं, हळदीनं भरायचं आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. पेव उघडलं तरी लगेच कोणी आत उतरत नाही. कोंडलेल्या हवेनं माणसं गेली आहेत. त्यामुळे लिंपलेलं पेव बघायचं ते वरूनच.

सत्तरच्या दशकात माझे वडील फौजेतून सुभेदार होऊन म्हसवडला परतले. हातात आलेली सगळी पुंजी त्यांनी सांगलीच्या एका हळदीच्या कंपनीत ठेव म्हणून टाकली. त्या पैशांवर मी मिरजेला डॉक्टरकी शिकणार होते. आधी ते स्वतः पाहणी करून आले. मालकानं लिंपलेली पेवं दाखवली, प्रत्येकावर कर्ज देणाऱ्या बँकेचं लाखेचं सील. घरी येऊन म्हणाले, "सील हाय म्हंजी माल हाय." भोळेपणाला वर्दी चढवली की तो शिस्तीसारखा दिसतो.

विकून टाकलेली हळद मालक कागदावर पेवातच ठेवत होता. त्यामुळे दर साली नफा दिसायचा. नफा बघून बँक आत न डोकावताच लिंपलेल्या पेवावर सील मारायची, आणखी कर्ज द्यायची आणि आमच्यासारखे लोक ठेवी ठेवायचे. हिशेबतपासनीस मालकाच्या शब्दावर सही करायचा. पेव उघडून बघ, असं त्याला कोणी सांगत नव्हतं, कायदासुद्धा नाही.

मग ठेवीवरचं व्याज थांबलं आणि बुडालेली कंपनी कोर्टात गेली. कोर्टाच्या माणसासमोर पेवं उघडली त्या दिवशी वडील मला सोबत घेऊन गेले. हवा खेळू दिल्यावर हमालानं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो तळापर्यंत गेला आणि तिथं छान जळत राहिला. खाली नुसती माती होती. वडील पुढच्या पेवाकडे गेले, मग त्याच्या पुढच्या.

साताऱ्याच्या वकिलांनी आम्हाला समजावलं. कंपनी वेगळी, मालक वेगळा. तिची देणी त्याच्या बंगल्याला शिवत नाहीत. कंपनीची शेड विकून येईल ते आधी तारण असलेल्यांना, आणि आम्ही बिनतारणाचे ठेवीदार पार मागे. पुढे कोण कोण आहे, असं वडिलांनी विचारलं. बँक, वकील म्हणाले, आणि मालकाची बायको. कंपनी धडधाकट दिसत होती तेव्हाच या बायकोनं शेड तारण घेऊन कंपनीला कर्ज दिलं होतं, रीतसर नोंदवून. ते पैसे आमच्याच ठेवींतले असणार, असं मी रागानं म्हणाले. वकिलांनी शांतपणे पुरावा मागितला. त्या मालकाचा मला अजून संताप येतो, पण त्याला पुढे उभं करणाऱ्या कायद्याचा जास्त.

वडिलांनी ठेवीची पावती घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "आवं वकीलसाहेब, रांगेत हुबं ऱ्हायाला आमी तयार हाय. पर चोराच्या मागं?"

वकिलांनी फाईल बांधली. मिरजेची फी भरायची मुदत टळून गेली आणि मी डी.एड.ला नाव घातलं. शेड विकली गेली, मालकाच्या बायकोला तिचे पैसे मिळाले. आमच्या वाट्याला काहीच उरलं नाही. ठेवीची पावती मात्र वडिलांनी मरेपर्यंत फौजेच्या ट्रंकेत जपली. फाडून टाका म्हटलं की म्हणायचे, सील हाय तिच्यावर.