मेजरीणबाई आणि नटीचं चरित्र

मेजरीणबाई पुस्तक शेवटून उघडत. कादंबरी नव्हे, चरित्र. लेखक कुणाकुणाला भेटला, त्याने काय काय तपासलं, हे मागच्या टिपांत बघितल्याशिवाय त्या पहिल्या पानाला हात लावत नसत. "आधार नसेल तर त्या नुसत्या पिकवलेल्या कंड्या," असं म्हणत.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. चंदीगडला आमच्या शेजारी राहायला आल्या, तेव्हा पंजाब पेटलेला होता आणि मेजरसाहेब महिनोन् महिने सीमेकडे असत. त्या हिवाळ्यात बाईंना एका गाजलेल्या नटीचं जाडजूड इंग्रजी चरित्र मिळालं. दुपारी हिरवळीवर उन्हात आम्ही चार-पाच मराठी बायका मटार सोलत बसायचो आणि त्या इंग्रजी वाचून मराठीत सांगायच्या. नटीच्या लग्नाच्या भानगडी आल्या की आम्ही कान टवकारायचो, आणि या नेमक्या थांबून म्हणायच्या, "हे एकाच माणसाने सांगितलंय हं, फार विश्वास ठेवू नका." असा राग यायचा!

पण शहरात रोज नवी अफवा उठायची, तेव्हा हीच खोड आम्हाला सावरायची. "कुणी पाहिलं? तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढं विचारलं की निम्म्या अफवा तिथेच गार व्हायच्या.

एके दुपारी समोरच्या पम्मीभाभी धावत आल्या. "दीदी, सुना है उधर फौज की गाडी उडा दी!" गावाचं नाव मेजरसाहेबांच्या ठाण्याजवळचंच होतं. "किसने देखा?" बाईंनी विचारलं. भाभींनीही ते नुसतं ऐकलेलंच होतं. फोन आमच्याकडेच होता. बाईंनी ट्रंक कॉल नोंदवला आणि त्या परत येऊन बसल्या. "लागेपर्यंत वाचू या."

त्या दिवशी नटीच्या आयुष्यात सुखाला नुसता पूर आला. अंगणातला झोपाळा, भावंडांची दंगामस्ती, आईच्या हातचे लाडू. मी शेजारीच होते. सहज पानाकडे बघितलं, तर ते शेवटच्या सूचीचं पान, नुसती नावं आणि आकडे. आवाज मात्र खणखणीत. मी खाली मान घालून मटार सोलत राहिले.

फोन वाजला. त्या धावत आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"सुखरूप आहेत. स्वतः बोलले. गाडी दुसऱ्या तुकडीची होती."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

"आजचं वाचलेलं विसरून जा गं. त्यातल्या एका शब्दालाही आधार नाही," असं म्हणाल्या, आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या.